परवानगी एकाच नावाला

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भिंतीच्या भोकातून वायर ओढणं. मी पुढच्या खोलीत टेबलाखाली, ती मागच्या खोलीत स्टुलावर. सकाळचे दहा वाजले असतील. मुरबाडच्या बाजारात आमचं फोटोचं दुकान, दोन खोल्यांचं. मधली भिंत जाड. मी तारेला वायर बांधून ढकलत होतो, ती पलीकडून चाचपत होती.

"आली का गो?"

"काय नाय आली. ढकलताव का नुसतं बोलताव?"

"ढकलतोय. तू डोळे उघडून बघ."

"डोळे उघडेच हायत. भोकात काळोख हाय, त्याला मी काय करू?"

मग तिला टोक सापडलं आणि तिने असं हिसकलं की तार सुटून माझ्या बोटाला कापलं. मी शिवी दिली. ती हसली. "तुमीच म्हणालाव ना, ओढ म्हणून."

त्यानंतर तासाभरात मी जे बोललो त्यासाठी हे लिहायला बसलोय. माझी शाळा सातवीपर्यंत. लिहिणं हे माझं काम नाही. पण सांगायला गेलं की लोक मधेच "जाऊ द्या हो" म्हणतात, आणि मला जाऊ द्यायचं नाही. कागद मधे बोलत नाही.

मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. नव्वद सालाच्या पुढेमागे टेप आणि टीव्ही जोरात होते, तेव्हा आमचं चांगलं चाललं. ती काउंटरवर बसायची. कोणाचा टेप, काय बिघाड, कधी द्यायचा, सगळं तिला तोंडपाठ. पुढे टेप संपले. लोक नवीन घ्यायला लागले, जुनं फेकायला लागले. मग मी कॅमेरा घेतला. आधी रोलचा, दोन हजार सालानंतर बिनारोलचा. बिनारोलचा आला तसे कॉम्प्युटर आले. दोन जुने घेतले. एक पुढे, एक मागे.

पुढच्यावर लिनक्स. ते मला शहापूरच्या कॉलेजातल्या एका लॅबवाल्याने घालून दिलं. तो गणपतीत फोटो काढायला आला होता, बोलता बोलता जमलं. गिऱ्हाइकं सीडी आणायची, पेन ड्राइव्ह आणायची, प्रत्येकात व्हायरस. तो म्हणाला, "काका, सगळे फोटो या मशिनवर ठेवा. याला रोग लागत नाय आणि पैसे पण लागत नाय." मागच्या खोलीतलं मशिन साधं, सगळ्यांकडे असतं तसं. त्यावर ती फोटो कापायची, उजळ करायची, खाली नावं टाकायची. फोटो राहायचे माझ्या मशिनवर, ती ते वायरीतून आपल्याकडे उघडायची. मधे हे पोचवायचं काम करायला लिनक्सवर सांबा नावाचा प्रोग्राम होता. मला त्यातलं कळायचं ते रेडिओसारखं. इकडून पाठवतोय, तिकडे पकडतोय.

ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. लॅबवाल्याने एकदा दाखवलं की तिच्या हाताला बसायचं. मला तीनदा विचारावं लागायचं, आणि तिसऱ्यांदा मी त्यालाच म्हणायचो, तुला नीट सांगता येत नाही.

पहिलं वर्षभर फोल्डर सगळ्यांना उघडं होतं. मग एकदा एका लग्नाचे सगळे फोटो उडाले. कोणाच्या हातून ते कळलं नाही. बहुतेक माझ्याच. पण मी लॅबवाल्याला फोन केला आणि म्हटलं, कुलूप लाव. त्याने फोनवरच सांगितलं. एका फाइलीत यादी असते, त्या यादीत ज्याचं नाव त्यालाच परवानगी. त्याने नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, मग दार उघडतं. मी यादीत एक नाव घातलं. माझं. दुकान माझं, मशिन माझं, नाव माझं. आणखी एक घालायचं असतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिला मी काय सांगितलं? म्हटलं, "आता चौकट येईल. नाव टाक, पासवर्ड टाक." पासवर्ड सांगितला. कोणाचं नाव, ते सांगितलं नाही.

इथे एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. आता मुली घेतात, हाका मारतात, काही बिघडत नाही. पण ती जुनी. रेशनच्या ऑफिसात कारकुनाने "नवऱ्याचं नाव?" विचारलं की ती रांगेतल्या शेजारणीकडे बघायची आणि ती शेजारीण सांगायची. फॉर्म भरताना त्या रकान्याशी आली की पेन माझ्या हातात द्यायची. तोंडाने नाही आणि हाताने पण नाही. मशिनवर माझ्या फोटोंचं फोल्डर तिने केलं होतं, त्याला नाव दिलेलं "यांचे". लॅबवाला ते बघून पोट धरून हसला होता. मी पण हसलो होतो. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

रोज सकाळी मी दुकान उघडायचो, मागे जाऊन तिच्या मशिनवर नाव-पासवर्ड टाकायचो, दार उघडायचं. एकदा उघडलं की मशिन बंद करेपर्यंत उघडं राहायचं. मी टाकत असलो की ती मान वळवायची. मीच शिकवलं होतं, कोणी पासवर्ड टाकताना बघायचं नसतं. त्यामुळे मी वर कोणाचं नाव टाकतो ते तिने कधी बघितलं नाही.

मग घोळ सुरू झाला तो मी बाहेर असलो की. एकदा वैशाखऱ्याला लग्नाला पहाटेच गेलो, संध्याकाळी आलो तर ती हात बांधून बसलेली.

"आज उघडलंच नाय."

"काय टाकलंस?"

"तुमी सांगितलं तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकलं, उघडलं. "हे बघ. उघडतं."

असं चार वेळा झालं. मी असलो की चालतं, मी गेलो की बंद. तीस वर्षं मी दुरुस्तीत काढली. असा बिघाड आला की मेकॅनिक दोनच गोष्टी धरतो. एक तर वायर कुठे ढिली आहे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हाताचा दोष आहे. मी वायरीची टोकं बदलली, दोन मशिनांना जोडणारा मधला डबा बदलला, मागच्या मशिनचं कार्ड काढून घासून बसवलं. आणि वायरीत काही सापडलं नाही की तिला बोललो. "सावकाश टाक. बटणं दाबतेस का ठोकतेस?" ती म्हणायची, "बरोबरच टाकते." मी एकदाही तिच्या शेजारी बसून म्हटलं नाही की टाक बघू, मला दाखव काय टाकतेस. गिऱ्हाइकाला मी हे पहिल्यांदा विचारायचो. काय दाबलंत, कसं दाबलंत, आवाज कसा आला. बायकोला विचारलं नाही.

वायर ओढली त्या दिवशी धसईच्या शाळेतल्या दोन बाई अकरा वाजता यायच्या होत्या. दहावीच्या मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव. आदल्या दिवशी मी बाहेर होतो, तिचं काम अडलेलं. म्हणून सकाळी मी येऊन आधी वायरच नवीन टाकायला घेतली, चौकटीत काही टाकायच्या आधी. म्हटलं, आज हा रोग मुळापासून काढतो. वायर झाली. मग मला वाटलं, पासवर्डच लांबलचक आहे, तिला जमत नाही. सोपा करू. पुढच्या मशिनच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड बदलायचा हुकूम मला पाठ होता. बदलला. ओरडून तिला नवीन सांगितला. तेवढ्यात बाई आल्या, बाकावर बसल्या.

मागून बटणांचा आवाज आला. थांबला. परत आला.

"नाय घेत," ती म्हणाली.

"परत टाक."

परत आवाज. या वेळी ती बराच वेळ थांबली, मग हळूहळू एक एक बटण दाबलं. मला ते पुढे ऐकू येत होतं.

"नाय घेत वो."

मी मागे गेलो नाही. चार पावलं होती. मी पुढूनच बोललो, त्या दोघी बाईंच्या देखत, रस्त्यापलीकडचा शिंपी ऐकेल एवढ्या मोठ्याने.

"तुझ्या बोटांत अक्कल नाय. माझ्या हाताने उघडतं, तुझ्याच हाताने कसं नाय उघडत? लोकं ताटकळत बसल्यात. उद्यापासून येऊ नको दुकानात. घरी भाकऱ्या भाज, तेवढं जमतंय तुला."

शिंप्याचं मशिन थांबलं. बाईंपैकी एकीने पर्स उघडून आत उगाच काहीतरी शोधलं.

ती दारात आली. पदराने हात पुसत होती. "मी बरोबर टाकलं. आत्ता तर मी..." एवढं म्हणाली आणि तिचं बाईंकडे लक्ष गेलं. पिशवी घेतली. चप्पल घातली. "जाते," म्हणाली. मी मान वर केली नाही. बाईंना म्हटलं, उद्या या.

रोज आम्ही संध्याकाळी एसटीने बरोबर गावी जायचो. त्या दिवशी ती बाराच्या एसटीने एकटी गेली. मी काय केलं? मी परत टेबलाखाली शिरलो. वायर तपासली.

एक वाजून गेल्यावर दुकानाचा फोन वाजला. गावातली शेजारीण होती.

"तुमी या."

"काय झालं?"

"या तुमी."

घरी पोचलो तेव्हा ओटीवर माणसं जमली होती. त्यांनी सांगितलं, ती आली, चप्पल काढली, शेजारणीकडे पाणी मागितलं, खांबाला टेकली. पाणी येईपर्यंत सगळं संपलं. गावच्या डॉक्टरने सांगितलं हृदय बंद पडलं. मी विचारलं, ओरडल्याने होतं का? तो म्हणाला, असं काही नसतं, हे आज ना उद्या होणारच होतं. मुलगी सापगावला दिलेली, ती जावयाबरोबर चारपर्यंत आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

माझ्या बोलण्याने ती गेली असं कोणी म्हणालं नाही. मी पण म्हणत नाही. डॉक्टरला जे कळतं ते मला कळत नाही. पण ती जाताना आपल्याला जमत नाही असं मानून गेली. एसटीत अर्धा तास खिडकीशी बसून तिने तेच डोक्यात घोळवलं असणार. ते माझं. ते डॉक्टरला विचारायचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा घातला. आमच्यात सुतकात बाहेर पडत नाहीत, अग्नी देणाऱ्याने तर नाहीच. मुलगी चुलीपाशी होती.

"बाबा, कुठं चाल्लाव?"

"दुकानात."

"दुकानात? लोकं काय बोलतील? आईला काल..."

"तिचंच काम हाय."

"कसलं काम?"

मला एवढंच कळायचं होतं की काल तिने काय टाकलं. ती "आत्ता तर मी" म्हणाली, त्याच्या पुढे काय होतं? जावई म्हणाला मी येतो बरोबर. मी नको म्हटलं. पहिली गाडी धरली.

शटर अर्धंच उचललं, वाकून आत गेलो. लॅबवाल्याने मला मागेच सांगितलं होतं, काही अडलं तर आधी नोंदी बघा. कोण आलं, काय नाव सांगितलं, दार उघडलं का नाही, सगळं मशिन एका फाइलीत लिहून ठेवतं. मी ते कधी बघत नसे, कारण सगळं इंग्रजी. इंग्रजी अक्षरं मला रेडिओच्या पार्टांवरची येतात, जोडून वाचलं तर नावं कळतात. फाइल उघडली. चौकोनी कंसांत नावं होती. एक एक अक्षर लावलं. तिचं नाव. परत तिचं नाव. खाली परत तिचं. मी बाहेर होतो त्या सगळ्या दिवशी तिचं नाव, पाच-पाच, सहा-सहा वेळा. काल सकाळी अकरानंतर एकदा तिचं. आणि शेवटच्या ओळीत माझं.

मी परत वाचलं. काल चौकटीत मी काही टाकलंच नव्हतं. माझं नाव तिने टाकलं होतं.

शहापूरला फोन लावला. लॅबवाला नुकताच उठला होता.

"काका, एवढ्या सकाळी? काकींनी हाकललं काय घरातून?"

मी म्हटलं, ओळी वाचतो, अर्थ सांग. एक एक अक्षर त्याला वाचून दाखवलं.

"हां. या पहिल्या सगळ्या ओळींत मशिन म्हणतंय, या नावाचं माणूसच माझ्याकडे नाय. काकी त्यांचं स्वतःचं नाव टाकतायत. तुमी त्यांना यादीत घातलं नाय?"

"नाय."

"अहो काका, मग कसं उघडणार? पासवर्ड देवाने येऊन टाकला तरी नाय उघडणार. आणि शेवटची ओळ वेगळी. तिथे नाव ओळखलंय, पासवर्ड चुकलाय. पासवर्ड बदललात काय?"

"बदलला. काळ्या पडद्यावरून."

"तो मशिनचा बदलला. सांबाचा वेगळा असतो, तो दुसऱ्या हुकमाने बदलायचा. सांबाकडे अजून जुनाच हाय. नवीन टाकला तर नाय म्हणणारच."

"म्हणजे तिने बरोबर टाकलं."

"काकींनी? शंभर टक्के बरोबर. तुमी सांगितलं तेच टाकलं ना त्यांनी. चूक सगळी पुढच्या मशिनवर, म्हणजे तुमची." तो हसला. "द्या त्यांना फोन, मीच सांगतो, आज तुमची पार्टी."

"ती नाय इथं."

"मग आली की सांगा."

मी बरं म्हटलं. ती गेल्याचं त्याला सांगितलं नाही. मला आधी ते काम करायचं होतं, आणि ते कळल्यावर त्याने मला करू दिलं नसतं.

तीस वर्षांत जे तिने कारकुनासमोर केलं नाही, ते त्या चौकटीत केलं. सगळं करून बघितलं, मग उरलेलं ते एकच. बटणं हळू दाबली ती त्यासाठी. आणि मी तिला पासवर्ड चुकीचा दिला होता.

तिचं नाव कसं घालायचं ते लॅबवाल्याला फोनवरच विचारून कागदावर लिहून घेतलं होतं, तसं केलं. आधी मशिनवर तिच्या नावाचं माणूस तयार केलं. मग सांबाला सांगितलं. मग यादीच्या फाइलीत माझ्या नावापुढे तिचं नाव घातलं. मशिनने तिच्यासाठी पासवर्ड विचारला. हा ज्याचा त्याने ठरवायचा असतो. मी काल तिला ओरडून सांगितलेलाच टाकला, कारण तिला तोच माहीत होता. मागे गेलो, तिच्या स्टुलावर बसलो, चौकटीत तिचं नाव आणि तो पासवर्ड टाकला. एका झटक्यात उघडलं.

मग मशिन बंद करून बाहेर आलो.

शिंपी दुकान झाडत होता. मला बघून त्याने झाडू टाकला. गावातून बातमी आली होती. "काका, तुमी आज..."

"काल मी तिला बोललो ते तू ऐकलंस ना?"

"जाऊ द्या काका. घरात होतंच असं."

"जाऊ द्यायचं नाय. चूक माझी होती. तिने बरोबर टाकलेलं. मी मशिनमध्ये तिचं नावच घातलं नव्हतं आणि पासवर्ड चुकीचा सांगितला. काय ऐकलंस, बोलून दाखव."

त्याने झाडू उचलून भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "चूक तुमची होती. काकींचं बरोबर होतं."

"हां. दुकानात कोणी विषय काढला तर असंच सांगायचं."

तिथून धसईची एसटी धरली. शाळेची प्रार्थना चालू होती, ऑफिसच्या दारात उभा राहिलो. दोघी बाई आल्या. एक म्हणाली, "फोटो झाले? तुम्ही कशाला आणून द्यायला आलात?"

"फोटो अजून व्हायचे. काल तुमच्या देखत मी बायकोला बोललो. तिचं चुकलं नव्हतं. ते सांगायला आलोय."

बाई जरा ओशाळल्या. मग दुसरी, वयाने मोठी, मला दटावून म्हणाली, "अहो, मग हे आम्हाला काय सांगता? घरी जाऊन त्यांना सांगा. त्या बिचाऱ्या किती वाईट तोंड करून गेल्या काल."

मी म्हटलं, "ती काल दुपारी वारली."

दोघी खुर्चीतून उठल्या. एकीने शिपायाला पाणी आणायला सांगितलं. बसा म्हणाल्या. मी म्हटलं, "बसायला नाय आलो. तुमी बसा, माझं सांगून व्हायचंय." आणि यादी, नाव, दोन ठिकाणचे पासवर्ड, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांना त्यातलं काय कळलं ते ठाऊक नाही. पाणी आलं ते घेतलं नाही. दोघींकडून, तिचं चुकलं नव्हतं, एवढं वदवून घेतलं आणि अकराच्या गाडीने घरी आलो.